गोष्टीतला चष्मा मी बदलला नाही

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि त्याच्याजवळ मी काय बोलत नाही? शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्यांपासून मुख्याध्यापिकांच्या नव्या साडीपर्यंत सगळं त्या बिचाऱ्याच्या कानावर घालते. पण हे नाही. हे सांगायला बसलं की मला एकदम कपडे वाळत घालायचे आठवतात, कुंड्यांना पाणी द्यायचं आठवतं. आत्तासुद्धा मध्येच उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. बंदच होता. तर — तुम्ही ऐका. मध्ये काही बोलू नका म्हणजे झालं.

मी मराठी शिकवते. नागपुरातल्या एका शाळेत, पाचवी ते आठवीला. शाळेचं नाव सांगत नाही, यात शाळेचा काही दोष नाही. मराठीच्या बाई म्हटलं की लोकांना लाल पेन आणि ऱ्हस्व-दीर्घच आठवतं. मी तशी नव्हते हो. मी गोष्टीवाली. व्याकरणाचं पुस्तक उघडलं की मुलांचे चेहरे उतरतात, आणि गोष्ट सुरू केली की मागच्या बाकावरचं टारगट कार्टंसुद्धा मान वर करतं — हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. गोष्ट अर्धी सांगायची आणि थांबायचं. पुढं काय झालं असेल? की सगळे बोलायला लागतात. एकाची गोष्ट दुसऱ्यानं आपल्या शब्दांत सांगायची, म्हणजे ऐकणं आलं. मग वाचायची, मग शेवट बदलून लिहून आणायची. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही एका छोट्या गोष्टीत बसतात. हे वाक्य मी पुढं कितीतरी सभागृहांत माईकवरून म्हटलं आहे. पण ते नंतर.

आमच्या इकडं बायकांची भिशी घरोघर असते. माझ्या वर्गात गोष्टींची भिशी होती. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास. एका डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. ज्याची निघेल त्यानं गोष्ट सांगायची — पुस्तकातली नाही, घरातली. आजोबा बाथरूममध्ये कोंडले गेले, काकाच्या वरातीत घोडी उधळली, असलं काहीही. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि सोमवारी तीच गोष्ट आपल्या शब्दांत लिहून आणायची. नियम एकच होता. भिशीत आलेली गोष्ट सगळ्यांची. आणि जी भिशीत आली नाही, नुसती मॅडमजवळ बोलली गेली, ती मॅडमच्या पोटात राहणार. हा नियम मीच केला होता आणि मुलं तो पाळत होती.

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या सातवीत प्रणाली होती. नाव खरं नाही, पण तुम्हाला हाक मारायला काहीतरी हवं ना. ती वाचायला उभी राहिली की वर्ग गप्प व्हायचा. आवाज गोड वगैरे नव्हता, उलट जरा घोगराच. पण कुठं थांबायचं, कुठं ऐकणाऱ्याला समजायला उसंत द्यायची, हे त्या पोरीला इतकं नेमकं कळायचं की मीच पुस्तक मिटून ऐकत बसायची. बाप्पा, काय वाचायची! मला वाटायचं, हे माझ्या शिकवण्याचं फळ. आम्हा शिक्षकांना असं वाटायला वेळ लागत नाही.

एका शनिवारी तिची चिठ्ठी निघाली. ती उभी राहिली आणि म्हणाली, माझ्याजवळ गोष्ट नाही. वर्ग हसला. मी पुढची चिठ्ठी काढली. इथंच विषय संपायला हवा होता, हो ना? पण मला राहवेना. पोर काहीतरी दाबून बसली आहे हे मला दिसलं होतं. कुणाजवळ गोष्ट आहे आणि ती आपल्याला मिळत नाही, असं झालं की माझ्या अंगाला खाज सुटते — ही माझी जुनी खोड. शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. खोदून खोदून विचारलं. माझ्या पोटात राहील, म्हटलं. भिशीतलं नाही ना, मग माझ्या पोटात. शेवटी तिनं सांगितलं, व्हरांड्यात, दप्तराचा पट्टा पिळत पिळत.

तिच्या आईची प्रताप नगरात मेस होती. बाहेरगावाहून क्लासेससाठी आलेली मुलं तिथं जेवायची. बाई मोठी खमकी. आमच्या पालक संघातही होती आणि स्नेहसंमेलनाच्या जेवणाचं सगळं तिच्यावर सोडून आम्ही निर्धास्त असायचो. आपलं शिक्षण बारावीपर्यंत झालं आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. आणि तिला वाचता येत नव्हतं. अजिबात नाही. सही तेवढी सुरेख करायची. पालकसभेत कुणी कागद पुढं केला की पर्स चाचपायची अन् म्हणायची, "अगं बाई, चष्मा घरीच राह्यला! प्रणाली, वाच बरं." चष्मा खरंच होता, सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेला, साध्या काचांचा. तो फक्त विसरण्यासाठी होता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाई नेहमी आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, तेही त्याचमुळं. नवऱ्याकडून वाचून घेणं तिला नको असायचं, तो चिडवायचा. म्हणून संध्याकाळी ती पोळ्या लाटायची आणि पोरगी जवळ बसून हळू आवाजात सगळं वाचून दाखवायची. विजेचं बिल, शाळेच्या सूचना, पेपरातल्या बातम्या — म्हणजे दुसऱ्या दिवशी मेसमधल्या पोरांशी तिला बातम्यांवर बोलता यायचं. प्रणाली असं वाचायला तिथं शिकली होती. माझ्या वर्गात नाही. तेव्हा मला ते ऐकून किती भरून आलं होतं! खरंच आलं होतं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला मी.

आणि मग आमच्या शाळेत आदर्श पाठ ठरला. आदर्श पाठ म्हणजे एका शिक्षकानं वर्गात शिकवायचं आणि दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी मागं खुर्च्या टाकून बघायचं. विषय — लघुकथेतून भाषाकौशल्यं. दुसरं कोणाचं नाव निघणार होतं? मी एका चिमणीची गोष्ट घेतली होती. दुसऱ्या तुकडीत आदल्या दिवशी घेऊन पाहिली, तर मुलं जांभया देऊन राहिली. संध्याकाळी स्वयंपाकघरातच ओट्याजवळ उभी राहून मी दुसरी गोष्ट लिहिली. डाळ शिजायच्या आत लिहून झाली. कोणती, ते आता मी सांगायला पाहिजे का?

सगळं बदललं हं मी. मुलीचा मुलगा केला. मेसच्या जागी शिवणकाम आणलं. प्रताप नगराचं एक लहानसं गाव केलं. नवरा काढूनच टाकला. चष्मा बदलला नाही.

बदलायला बसले होते. "डोकं दुखतंय" असं लिहून पाहिलं, "उजेड कमी आहे" असं लिहून पाहिलं. खोडलं. चष्माच चांगला होता. त्याच्यावर प्रश्न उभा राहत होता — आई दर वेळी चष्मा का बरं विसरत असेल? उत्तर गोष्टीत कुठंही लिहिलेलं नाही, मुलांनी ओळखायचं. अनुमान! असा प्रश्न शिक्षकाला रोज मिळत नाही. मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले की वर्ग ओळखेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. खोटं आहे ते. प्रत्येक पालकसभेत ती बाई पर्स चाचपायची आणि निम्मा वर्ग तिथंच आईबापांजवळ उभा असायचा. मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं. ओळखलं तर ओळखलं, असं मनात आलं आणि मी डाळीला फोडणी दिली.

पाठ रंगला. काय सांगू, असा पाठ माझ्या हातून पुन्हा झाला नाही. मुलं हात वर करकरून बाकावरून उठत होती. प्रणाली तिसऱ्या बाकावर होती. दुसऱ्याच वाक्याला तिला कळलं, हे मी पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, बाकावरची एक रेघ नखानं कोरत होती. मग मी प्रश्न टाकला. एक मुलगा ओरडला, कारण तिला वाचताच येत नाही! मागच्या खुर्च्यांवर टाळ्या पडल्या. मी ते उत्तर फळ्यावर लिहिलं. आणि पाठमोरी असतानाच खिडकीकडच्या रांगेतून कुजबूज ऐकली. वळले तर एकेक मान प्रणालीकडं वळत होती. कुणी हसत नव्हतं. नुसते बघत होते.

मी काय केलं असेल? माझ्या पाठाच्या टाचणात पुढचा प्रश्न लिहिलेला होता — अशा वेळी त्या मुलाला काय वाटत असेल? मी तो विचारला. ती तिथं बसलेली असताना, सगळा वर्ग तिच्याकडं बघत असताना, मी तो प्रश्न विचारला आणि चार-पाच जणांची उत्तरं घेतली. मला माझी स्वतःची लाज वाटते. नंतर शिक्षकखोलीत तर्री-पोहे होते. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. मी दोन प्लेटी खाल्ल्या.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. वर्गातल्या कुणीतरी घरी सांगितलं. कुणाच्या तरी आईनं पालकांच्या ग्रुपवर गंमत केली — काय हो ताई, सापडला का चष्मा? खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. प्रणालीच्या आईला ती तोंडं दिसली. शब्द कुठून दिसणार? तिनं फोन पोरीकडं दिला आणि नेहमीसारखं म्हणाली, वाच. आणि त्या पोरीनं ते वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आली. मला वाटलं, आता तमाशा होणार. तमाशा नाही केला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. प्रणालीला वर्गातून बोलावून घेतलं होतं, ती दाराशी. मी टेबलाजवळ. मुख्याध्यापिका समोर, आणि त्यांच्याच टेबलावर शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला माझं नाव पाठवायचा कागद पडलेला.

"मॅडम, मले एकच सांगा," ती म्हणाली. "माह्या पोरीनं तुमाले काही सांगतलं का?"

मी म्हटलं, नाही हो. गोष्ट मी एका जुन्या पुस्तकातून घेतली आहे. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ — नाही, तरीही खोटंच होतं ते. पण मी थांबले नाही. मी पुढं म्हटलं, आता मुलामुलांमध्ये हिनं काही बोलून ठेवलं असेल तर मला कल्पना नाही बाई.

काहून म्हटलं मी ते दुसरं वाक्य? कुणी विचारलं होतं? ती बाई माझ्या उत्तरावर कदाचित परतही गेली असती. पण मला भीती वाटली की पोरगी तोंड उघडेल, तर तिच्या आधी आपलं बोलून ठेवावं. सातवीतल्या पोरीची भीती वाटली मला. तिनं उघडायच्या आत मी तिचं तोंड बंद केलं. हीच ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. चष्म्याचं एक वेळ मी सांगितलं असतं, लेखकाला मोह होतो वगैरे म्हणून पचवलं असतं. हे नाही.

आई पोरीकडं वळली. "मंग तूच बोलली वं पोराइपाशी?"

प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगेन, असं तिला वाटत असावं. मी पेपरवेट फिरवत होते. मग ती आईला म्हणाली, हो.

आईनं तिला मारलं नाही. रागावलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "घरातलं तुह्याच हाती होतं." आणि गेली. पालक संघाचं तिनं सोडलं, ग्रुपमधूनही निघाली. प्रणाली वर्षभर आली, अभ्यास नीट करायची. वाचायला उभं केलं की घसा बसलाय म्हणायची. मी आग्रह केला नाही. खरं सांगू? तिचा घसा बसलेला मला बरा वाटत होता. आठवीला ती दुसऱ्या शाळेत गेली, आणि तिचं नाव हजेरीतून गेलं त्या दिवशी मी घरी बासुंदी केली. कशासाठी केली असं नवऱ्यानं विचारलं, तर म्हटलं, सहज.

गोष्ट मात्र फार चालली. मी शिक्षकांना शिकवायला जाऊ लागले. लघुकथा वर्गात कशी वापरावी हा माझा विषय, आणि ती गोष्ट माझा हुकमी एक्का. शेवटी कुणीतरी उठून विचारतंच, मॅडम, ही गोष्ट कुठली? मी म्हणते, माझीच. टाळ्या पडतात. शाळेत पुस्तकातली आणि सभागृहात माझी — दोन्ही ठिकाणी माझी जीभ अडखळली नाही कधी.

मग तुम्ही विचाराल, आताच काय झालं? गेल्या महिन्यात माझा खांदा धरला म्हणून मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेले होते. नंबर यायचा होता. पुढच्या रांगेत त्या दोघी बसल्या होत्या. आई म्हातारी दिसू लागली आहे, गुडघ्याला पट्टा होता. प्रणाली कॉलेजात असेल आता. तिनं आईची पाण्याची बाटली धरली होती, आईची ओढणी खुर्चीत अडकली होती ती सोडवून दिली. चांगलं चाललं आहे की, असं मी मनाशी म्हटलं. हायसं वाटलं.

तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीवरून आईच्या हातात एक कागद आला. कुठल्या तपासण्या, कुठल्या मजल्यावर, असलं काहीतरी. प्रणालीचा हात आपोआप पुढं झाला. आईनं कागद बाजूला घेतला. रागानं नाही, रोजची सवय असावी तसा. आणि पलीकडच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईला मोठ्यानं म्हणाली, "बाई, मले वाचता येत नाही. काय लिवलं हाये सांगा बरं?"

मोठ्यानं. सगळ्यांसमोर. आता तिला त्याची लाजही उरलेली नव्हती. म्हणजे मी इतकी वर्षं जी पळवाट धरून होते — आपण खरं बोललो तर त्या बाईची पुन्हा शोभा होईल, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं — तीही गेली. अनोळखी बाई अडखळत वाचून राहिली होती आणि प्रणाली, जिच्यासारखं वाचणारं मूल मला पुन्हा मिळालं नाही, बाटली मांडीवर धरून समोर बघत होती.

एक वाक्य होतं. तुमच्या पोरीनं नाही, मी सांगितलं. वाकून म्हणायचं, एवढंच. मी ते जुळवलं, दोनदा ओठांवर आलं. मग प्रणालीनं मान वळवली आणि मला पाहिलं. ओळखलं. नमस्कार नाही, काही नाही. थोडा वेळ बघत राहिली — शाळेत पाहिलं होतं तशी वाट बघणारी नजर नव्हती आता — आणि परत पुढं वळून बसली.

माझा नंबर पुकारला. मी आत गेले, खांदा दाखवला, डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते ऐकलं नाही. बाहेर आले तेव्हा त्या दोघी तिथंच होत्या, आईचा कागद आता एका तिसऱ्याच माणसाच्या हातात होता. लिफ्ट त्यांच्या अगदी समोर होती. मी जिन्यानं उतरले.